धोब्याकडचा उजेड

वैशाखात काल्हेरच्या आमच्या इमारतीच्या मागून धूर येतो. गोदामांच्या पत्र्यांच्या अधेमधे भाताची चार-दोन खाचरं अजून शिल्लक आहेत, आणि त्यांचा म्हातारा मालक अजून राब भाजतो. झाडांचा टहाळ तोडायचा, वाळवायचा, जिथं रोपं करायची तिथं पसरायचा, वर पालापाचोळा आणि मातीचा थर द्यायचा आणि पेटवायचं. जमीन भाजून निघाली की तण उगवत नाही, रोप जोमानं येतं. यंदा धूर आला तसा खालचा वॉचमन धापा टाकत वर आला. "मॅडम, खिडकी बंद कर लो. पीछे किसीने आग लगाई है, बाजू के गोदाम में केमिकल का माल है."

केमिकलचा माल म्हणजे काय, हे मी त्याला सांगू शकले असते. आयुष्य त्यातच गेलं. पण मी नुसती मान डोलावली आणि खिडकी उघडीच ठेवली. तो वास मला हवा असतो आणि नकोही असतो. भाजल्या मातीचा, करपलेल्या पानांचा, थोडा गोडसर, घशात बसणारा. लोकांना वैशाख म्हटलं की आंबे आठवतात, लग्नं आठवतात. मला एक पांढरी ओढणी आठवते, आणि तिच्यावर हसणारी खोलीभर माणसं.

मी भिवंडीजवळच्या वळ गावची. आता वळला गोदामं म्हणतात, तेव्हा गाव म्हणत. वडील लवकर गेले. घरात आई, थोरला भाऊ आणि मी. शेजारच्या वस्तीत लूम, म्हणजे कापडाचे यंत्रमाग, चालायचे, त्यांच्या खडखडाटात मी एमएस्सीपर्यंत शिकले आणि मुंबईच्या एका मोठ्या संस्थेत पीएचडीला लागले. मुलाखतीला बसलेल्या बाकीच्यांनी माझा अर्ज बाजूला सारला होता. "हिला मी घेते," असं म्हणाल्या त्या मॅडम. हे मी कधी विसरलेली नाही, आणि पुढचं सांगताना ते सोडून देणं बरोबर होणार नाही. काचेचा फ्लास्क कसा धरायचा, इथपासून त्यांनी मला शिकवलं. त्या हुशार होत्या, नेटक्या होत्या, आणि कधी ओरडत नसत. ओरडणारा माणूस दमतो. मॅडम दमत नसत.

पॉलिमर म्हणजे सोप्या भाषेत रेणूंची लांबच लांब साखळी. भिवंडीच्या मुलीला हे समजावून सांगावं लागत नाही, धागा तिनं जन्मापासून पाहिलेला असतो. पण माझं पॉलिमर धाग्यासारखं नव्हतं, झाडासारखं होतं. एका खोडाला दोन फांद्या, प्रत्येक फांदीला आणखी दोन, त्यांना आणखी. असं करत करत रेणू गोल आणि गच्च होत जायचा. शाईत, रंगात, औषधात कुठं तरी त्याचा उपयोग होईल म्हणून आम्ही तो बनवत होतो. त्याच्याकडून उजेडाची अपेक्षा कुणालाच नव्हती. ज्यामुळे एखादा पदार्थ प्रकाश देतो असं पुस्तकं सांगतात, तसलं काही त्याच्यात नव्हतंच.

एका दुपारी दुसऱ्याच कशासाठी तरी यूव्ही दिवा लावला होता. ज्याचा स्वतःचा प्रकाश डोळ्यांना जेमतेम दिसतो, पण ज्याच्याखाली काही पदार्थ चमकू लागतात, तो दिवा. बाजूला माझी बाटली होती. ती निळी झाली. गॅसची आच अगदी मंद केल्यावर असते तशी निळी. मी दिवा बंद केला, लावला, बंद केला, लावला. मग शेजारच्या टेबलावरच्या निखिलला हाक मारली. निखिल माझ्याबरोबरचाच, पुण्याचा, मॅडमचा लाडका. तो वाकून बघत राहिला आणि म्हणाला, "हे शक्य नाहीये." त्याच्या आवाजात हेवा नव्हता. त्या वेळी तरी नव्हता.

मॅडमना सांगितलं तेव्हा त्या एवढंच म्हणाल्या, "गुरुवारी सेमिनारमध्ये दाखव."

गुरुवारी सगळा ग्रुप जमला. मी बाटली टेबलावर ठेवली. मॅडमनी पडदे ओढायला लावले, दिवे घालवले आणि यूव्ही दिवा स्वतः हातात घेतला. बाटलीवर धरला. निळा उजेड आला. कुणीतरी "अरे वा" म्हणालं. मला वाटलं, आता विचारतील, किती वेळा करून पाहिलंस.

त्यांनी दिवा बाटलीवरून उचलला आणि माझ्या ओढणीवर धरला.

ओढणी पेटल्यासारखी निळी झाली. बाटलीपेक्षा कितीतरी जास्त. मग दिवा ॲप्रनवर आला, ॲप्रनही निळा. कपडे पांढरेशुभ्र दिसावेत म्हणून साबणाच्या पावडरीत आणि कापडाच्या कारखान्यात एक चकाकी घालतात, तिचाच तो उजेड. आमच्याकडे तर ती नाल्याच्या पाण्यातही असायची.

"बघा," मॅडम शांतपणे म्हणाल्या. "हे पॉलिमर, ही ओढणी आणि हा ॲप्रन. तिन्ही एकाच धोब्याकडची."

हशा पिकला. मी काही बोलायच्या आत त्यांनी दिवा वर, माझ्या केसांवर नेला. एरवी मी वसतिगृहात राहायचे, पण त्या दिवशी सकाळी घरून आले होते, बसस्टॉपपर्यंतच्या वाटेवर लूमच्या खिडक्यांतून कापसाची तूस उडते, ती केसांत बसते. तिचे निळे ठिपके चमकले असणार, कारण हसणं वाढलं. "अगं, तू तर सगळीच चमकतेस," त्या म्हणाल्या. "हा रेणू नाही, कल्पना. तुझ्या गावचा मळ आहे. आणि तुझा काही दोष नाही, तुझं नावच कल्पना आहे."

अंधारात मला कुणाचेच चेहरे दिसत नव्हते. त्यांना मात्र मी दिसत होते. अंधारात फक्त आपणच दिसत असतो, ही काय गोष्ट असते, ते मी त्या दिवशी शिकले. रसायनशास्त्राच्या कुठल्याच पुस्तकात ते नाही.

दिवे लागल्यावर त्यांनी सगळ्यांदेखत सांगितलं, "थोडे दिवस घरी जा. मी बोलावेन तेव्हा ये."

घरी राबाची धांदल होती. आई एकटीच टहाळाचे भारे सोडत होती. भाऊ मदतीला नव्हता, कारण त्यानं ते शेत गोदामवाल्याला देऊन टाकायचं ठरवलं होतं. पाऊस संपला की काम सुरू होणार होतं. शेवटचं भात घेऊ द्या, एवढंच आईनं मागून घेतलं होतं.

"काय गो बाय, अशी अवचित कशी आयलीस?" तिनं मान वर न करता विचारलं.

"सुट्टी दिली."

"सुट्टी दिली का हाकलली?"

तिनं माझ्या हातात कोयता दिला. पुढचे कित्येक दिवस मी टहाळ पसरत होते. हात सोलवटले, पाठ भाजली. फांद्या हातात घेताना माझं लक्ष त्यांच्या बेचक्यांकडे जायचं, एकातून दोन, दोनातून चार, आणि मग मला स्वतःचाच राग यायचा. शेजारच्या बायका विचारत, पोरीचं शिक्षण संपलं का? आई सांगे, "न्हाय संपलं. तिकडं उन्हाली सुट्टी हाय." एवढं खोटं ती माझ्यासाठी बोलली, तेही न थांबता, दुसरा भारा उचलता उचलता.

येताना मी एक छोटा यूव्ही टॉर्च बरोबर आणला होता. कशाला, ते मलाही माहीत नव्हतं. एकदा दिवेलागणीला तो खळ्याकडेच्या टहाळाच्या ढिगावर मारला, तर आत काहीतरी हिरवट-निळं लखलखलं. वाकून पाहिलं तर विंचू. विंचवाच्या कवचातही असा उजेड असतो, हे मी वाचलं होतं, पाहिलं नव्हतं. इतकं देखणं काही मी त्या आधी पाहिलेलं नव्हतं. मी आईला हाक मारली. ती आली, बघितलं, पायातली चप्पल काढली आणि एका फटक्यात त्याचा चेंदा केला.

"आये, अगं बघायचं तरी नीट! उजेड देत होता तो."

"उजेड देतंय म्हून काय झालं? इचूच हाय तो."

मी हसले. त्या दिवसांतलं माझं ते एकच हसणं. मग उगाचच टॉर्च तिच्या अंगावर मारला. तिचं जुनं हिरवं लुगडं काळंठिक्कर राहिलं. कुठं एक ठिपका नाही. ती कपडे पिवळ्या साबणाच्या वडीनं विहिरीवर धूत असे, पावडर तिला चालत नसे. मी माझ्या कुर्त्यावर टॉर्च मारला, निळा. पुन्हा तिच्यावर मारला, काळं. ती म्हणाली, "काय खेल चाललाय? जेवाला ये."

जेवताना मी तिच्याकडे लुगडं मागितलं. "फाडणार?" "हो." तिनं माझ्याकडे बराच वेळ पाहिलं. ते तिच्या लग्नानंतरच्या पहिल्या सणाचं होतं, हे मला नंतर कळलं. दुसऱ्या दिवशी गावातल्या शिंप्याकडून मी त्याचा ॲप्रन शिवून घेतला.

मॅडमनी बोलावलं नव्हतं, तरी मी गेले. हिरवा ॲप्रन, केसांना घट्ट फडकं. लॅबच्या दारातच कुणीतरी म्हणालं, "मावशी, कचऱ्याचा डबा तिकडे आहे," आणि बाकीचे खिदळले. मॅडमनी केबिनच्या काचेतून पाहिलं आणि मान खाली घातली. हाकललं नाही. बहुतेक मी अपयशी होताना सगळ्यांनी बघावं, असं त्यांना वाटलं असावं.

मी सगळं मुळापासून केलं. नवी भांडी घेतली, ती आम्लानं धुतली. द्रावकं पुन्हा ऊर्ध्वपातित केली. कागद, कापूस, काही जवळ येऊ दिलं नाही. बाटली निळी झाली. पुन्हा केलं, पुन्हा निळी. मग ओढणी भिजवून तिचं पाणी घेतलं आणि दोन्ही शेजारी ठेवून पातळ करत गेले. ओढणीच्या पाण्याचा उजेड जेवढं पाणी घालावं तेवढाच कमी व्हायचा. माझा मात्र थोडं पातळ केलं की झपकन विझायचा. रेणू एकमेकांना चिकटून, दाटीवाटीनं असले तरच तो पेटत होता. मोकळे झाले की नाही. म्हणजे तो चकाकीचा नव्हता. त्याचा तोच होता.

मी दोन्ही बाटल्या घेऊन केबिनमध्ये गेले. मॅडमनी स्वतः दिवा धरला, स्वतः पाणी घातलं. खूप वेळ बघत राहिल्या. त्यांच्या चेहऱ्यावर तो आनंद मला दिसला, खरा, शास्त्रज्ञाचा. माफी मागतील असं मला वाटलं नव्हतं. पण "शाब्बास" एवढं म्हणतील असं वाटलं होतं.

"निखिलला बोलव," त्या म्हणाल्या. "पुढचं तो बघेल."

"मॅडम, हे माझं काम आहे."

"कल्पना, तुझ्या कामावर एकदा शंका घेतली गेली आहे. सगळ्या ग्रुपसमोर. आता हे तुझ्या नावानं बाहेर गेलं तर कोण विश्वास ठेवेल?"

"पण शंका तुम्हीच घेतलीत."

"म्हणूनच तर सांगते," त्या म्हणाल्या, आणि पेन उघडून दुसऱ्याच कागदावर सही करू लागल्या.

निखिल जिन्यात भेटला. त्याचे डोळे लाल होते, हे मी त्याच्या बाजूनं सांगते. "मी नको म्हटलं असतं तर त्यांनी दुसऱ्या कुणाला दिलं असतं," तो म्हणाला. ते खरंही होतं. मग त्यानं विचारलं, "कल्पना, सुकवताना तापमान किती ठेवतेस?" मी सांगितलं. शेजारी उभी राहून करून दाखवलं. निघताना तो म्हणाला, "तो हिरवा ॲप्रन ठेवून जाशील का? म्हणजे नंतर कुणी काही म्हणायला नको." तो चेष्टा करत नव्हता. मी ॲप्रन काढून त्याच्या हातात दिला.

त्या संध्याकाळी घरी पोचले तर आईचे दोन्ही पाय फडक्यात गुंडाळलेले होते. मी नसताना तिनं एकटीनं राब पेटवला होता. वारा फिरला आणि आग तिच्याकडे आली. भाऊ ठाण्याला गेला होता, गोदामवाल्याबरोबर. शेजाऱ्यांनी तिला ओढून बाजूला काढलं. तळपायांची कातडी गेली होती.

मी तिच्या पायांशी बसून रडायला लागले, आणि ते तिच्या पायांसाठी नव्हतं हे तिला लगेच कळलं.

"तुझा उजेड खरा निघाला का?"

"निघाला."

"मंग रडतंस कशाला?"

"दुसऱ्याला दिला त्यांनी."

"माझं शेत बी दुसऱ्याला दिलं. मना इचारला कुनी?" मग म्हणाली, "रडून झालं की चूल पेटव. मना उठता येत न्हाय."

तिनं माझ्या डोक्यावरून हात फिरवला, असं लिहायला मला आवडलं असतं. तिनं नाही फिरवला. तिच्या पायांना इतकी आग होत होती की दुसऱ्या कुणाचं दुःख मावायला तिच्यात जागाच नव्हती. पुढं जखमा भरल्या, पण ती शेतात पुन्हा अनवाणी चालू शकली नाही. चालायला शेतही उरलं नाही. आता तिथं पत्र्याची शेड आहे आणि दिवसभर ट्रक मागं घेताना वाजतात. आई जाईपर्यंत तो आवाज ऐकत होती.

निखिलचा शोधनिबंध गाजला. त्यात माझं नाव शेवटी, आभारांत, काच धुणाऱ्या सहायकाच्या आधी होतं. तो परदेशी गेला. मला मॅडमनी त्याच पॉलिमरच्या चिकटपणावर प्रबंध लिहायला लावला. मधासारखं ओघळतं की तेलासारखं, असल्या गोष्टींवर. पदवी मिळाली. भिवंडीतल्या कॉलेजात नोकरी मिळाली. तिथं एका जिन्याखालच्या खोलीत मी पुन्हा फांद्यांची पॉलिमरं बनवायला लागले, कारण दुसरं काही मला येत नव्हतं आणि दुसऱ्या कशावर माझं मनही नव्हतं. आमच्याकडच्या नाल्याच्या पाण्यात विषारी धातू असले की ज्याचा उजेड विझतो, असं एक पॉलिमर मी केलं. ते चालतं. त्यावर मी लिहिते, छापूनही येतं. पण प्रत्येक लेखाची सुरुवात मला निखिलच्या त्या निबंधाचा हवाला देऊन करावी लागते. एकदा मी मुद्दाम दिला नाही, तर लेख तपासणाऱ्यानं शेरा मारला की लेखिकेला या विषयातलं मूळ काम माहीत नसावं.

यंदा धूर यायला लागला त्याच आठवड्यात मॅडमच्या पंचाहत्तरीचा सत्कार होता. मी गेले. त्या म्हाताऱ्या झालेल्या बघायच्या होत्या, खोटं कशाला सांगू. हातात काठी असेल, आवाज कापत असेल, असं मनात रंगवून गेले होते. तसं काही नव्हतं. त्या ताठ चालत मंचावर आल्या. पुढच्या रांगेत निखिल बसला होता, टक्कल पडलेला, त्यांच्यासाठी खास विमानानं आलेला.

भाषणात मॅडमनी तीच गोष्ट सांगितली. "आमच्याकडे एक भिवंडीची मुलगी होती," त्या म्हणाल्या. "कामसू, पण फार भित्री. तिच्या बाटलीतून उजेड आला तर रडत माझ्याकडे आली. मॅडम, माझ्या ओढणीचा साबण पडला असेल! मी म्हटलं, अगं वेडे, ओढणीला कशाला दोष देतेस? उजेडावर विश्वास ठेव. आणि मग निखिलनं ते तडीला नेलं." सभागृह टाळ्यांनी भरून गेलं. मॅडमची नजर फिरत फिरत माझ्यावर आली. "अरे, ती इथंच आहे की! उभी राहा गं."

मी उभी राहिले. पुन्हा टाळ्या. निवेदन करणारा मुलगा उत्साहानं माइक घेऊन माझ्याकडे आला. "मॅडम, दोन शब्द."

मी माइक घेतला. "मॅडमनी सांगितलेलं सगळं खरं आहे," मी म्हटलं. "फक्त माणसं उलटी झाली आहेत. ओढणीवर शंका घेतली ती मॅडमनी. उजेडावर विश्वास ठेवला तो मी."

सभागृह खो खो हसलं. सगळ्यांत मोठ्यानं मॅडम हसल्या. शेजारच्याला म्हणाल्या, आणि ते त्यांच्या कॉलरच्या माइकमधून सगळ्यांना ऐकू आलं, "अजून तश्शीच आहे!"

"मी गंमत करत नाही," मी म्हटलं.

थोडं हसू आणखी उरलं होतं, तेही विरलं. निखिल बुटांकडे बघत होता. त्या खोलीत त्या दिवशी हसलेले आणखी दोघे-तिघे तिथं होते. मी एकेकाकडे बघितलं, एकानंही वर पाहिलं नाही. निवेदकानं माझ्या हातातून माइक हळूच, आजारी माणसाच्या हातून पेला घ्यावा तसा, काढून घेतला आणि जेवणाची व्यवस्था तळमजल्यावर असल्याचं जाहीर केलं.

खाली मी भिंतीशी उभी होते. मॅडम भोवतीची माणसं बाजूला सारत माझ्याकडे आल्या. इतकी वर्षं मी मनाशी धरून चालले होते की त्या विसरल्या असतील. मोठ्या माणसांच्या मागे कामं असतात, रोज शेकडो वाक्यं बोलली जातात, सगळी थोडीच लक्षात राहतात. तेवढ्या एका समजुतीवर मी त्यांच्याबद्दल वाईट न बोलता जगले होते.

त्यांनी माझा दंड धरला, बोटं तशीच मजबूत, आणि तोंड माझ्या कानाजवळ आणलं.

"मला सगळं आठवतं, कल्पना. धोबीसुद्धा," त्या म्हणाल्या. "पण आज माझा दिवस होता."

मग त्यांनी माझ्या हातातलं ताट घेतलं, पुऱ्या आणि श्रीखंड स्वतः वाढलं, ताट मला परत दिलं. "जेवल्याशिवाय जाऊ नकोस हं," म्हणाल्या, आणि फोटोसाठी निखिलकडे वळल्या.

मी जेवले. सकाळपासून पोटात काही नव्हतं.